मिठाच्या ढिगावर स्कीइंग

स्कीइंगशी माझी पहिली ओळख मुलुंडच्या मिठागरात झाली. हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलंय की मी नुसतं तोंड उघडलं की मुलं ते पुरं करून मोकळी होतात. वर मुलगी विचारते, "आणि पोहायला कुठे शिकलीस गं, पिठाच्या गिरणीत?" हसू देत. माणसं आधी बर्फ बघतात आणि मग त्यावरून घसरतात. माझा क्रम उलटा झाला, एवढंच.

ऐंशीचं दशक. मी बीए होऊन एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून चिकटले होते आणि रविवारी कॉलेजच्या जुन्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर डोंगर चढत होते. चढत होते म्हणजे काय, चढताना शेवटची आणि उतरताना बुडावर. त्या ग्रुपला हिमाचलातल्या एका संस्थेच्या स्कीइंगच्या प्राथमिक वर्गात एक जागा मिळाली आणि ती माझ्याकडे आली. गुणवत्ता वगैरे काही नाही. बाकीच्यांना रजा मिळेना, मला मिळाली. ऑफिसात माझ्यावाचून काही अडत नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात माझं लग्न ठरलं.

मुलगा घाटकोपरचा, साकीनाक्याला एका लहान कारखान्यात ड्राफ्ट्समन. आम्ही बौद्ध, आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, हॉल बघतात. हॉल मिळाला तो नेमका वर्ग संपल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी. बाबांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तू बर्फावरून पडणार, पाय मोडून येणार आणि मी नवरीला खुर्चीत घालून हॉलमध्ये आणणार?"

"पडणार कशाला बाबा? शिकवतात तिथे."

"लग्नानंतर जा की."

"लग्नानंतर कोण पाठवतंय?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "खरंय तिचं. मला अजून माहेरीसुद्धा धड पाठवत नाहीत."

बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. कुठल्याही गोष्टीला कारण पाहिजे, हे त्यांचं तत्त्व. नुसतं "नाही" म्हणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, "हो" म्हणणं काळजात बसत नव्हतं. मग त्यांनी वकिलासारखी फट शोधली. "ठीक आहे. आधी इथे करून दाखव. माझ्या डोळ्यांसमोर. मला पटलं तर जा."

मुलुंडमध्ये बर्फ नाही हे त्यांना माहीत होतं. ते निश्चिंत मनाने पेपर वाचायला बसले. मी हिरमुसून गॅलरीत गेले. आमचं घर मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. समोर हायवे आणि हायवेपलीकडे मिठागर. लहानपणापासून रोज बघितलेलं, म्हणून कधीच न बघितलेलं. जानेवारीचं ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात मिठाचे ढीग उभे होते. पांढरेशुभ्र. उतरते. चकचकीत.

मी ओरडलेच, "बाबा! तिथे!"

बाबा पेपर घेऊनच बाहेर आले, आई हात पुसत आली. मी बोट दाखवलं. आईचा चेहरा उतरला. "मिठावर? मिठाला पाय लावणार तू?"

आमच्या आईच्या हातून चिमूटभर मीठ जमिनीवर सांडलं तर ती ते ओल्या फडक्याने टिपून पाण्यात सोडायची, कुणाचा पाय पडू नये म्हणून. तिच्या दृष्टीने हे भयंकरच होतं. पण तिने ते बाबांच्या समोर बोलायला नको होतं. बाबा आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं करत आलेले. बिल्डिंगच्या गच्चीवर, वर्कशॉपच्या गेटवर, एकदा तर एका बारशात. ते उसळलेच.

"मीठ म्हणजे काय? समुद्राचं पाणी, वाळवलेलं! त्याला काय पाय लागत नाही? ते काढणारे काय हवेत उडतात? जाईल ती मिठावर! मी सांगतो, जाईल!"

आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. पण भाषण झालेलं, मागे घेता येईना. पेपर पुन्हा उघडला तो उलटा.

मिठागराचा मुकादम आगरी, वयस्कर. मी जाऊन सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बाय, ह्यो मीठ हाय. बरफ नाय," तो मला समजावत म्हणाला. मी म्हटलं, माहीत आहे. मग त्याने मला कडेचा एक जुना ढीग दाखवला, गेल्या हंगामातला, मळका. ते मीठ खायचं नव्हतं, बर्फाच्या कारखान्यात जायचं होतं. मला हा शुभशकुनच वाटला, पण बाबांमुळे मी तो शब्द उच्चारला नाही.

आता पाहिजे होत्या स्की. म्हणजे पायाला बांधायच्या दोन लांब, अरुंद फळ्या, पुढून वर वळलेल्या. मी शेजारच्या काकूंच्या फोनवरून साकीनाक्याच्या कारखान्यात फोन लावला. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याला मी तोवर दोनदाच भेटले होते, दोन्ही वेळा पोह्यांच्या बशीआडून.

"मला दोन फळ्या हव्यात," मी म्हटलं. "साधारण माझ्या डोक्याच्या वर जातील एवढ्या."

पलीकडे मशीनची घरघर. मग, "कशाला?"

"घसरायला."

पुन्हा घरघर. मग तो म्हणाला, "बरं."

त्या "बरं"वर माझा संसार आजतागायत चाललाय.

रविवारी तो चादरीत गुंडाळलेल्या फळ्या खांद्यावर घेऊन आला. वाटेत तिघाचौघांनी त्याला शिडी केवढ्याला म्हणून विचारलं होतं. चादर उघडली. कारखान्यातल्या प्लायवूडच्या फळ्या. पुढची टोकं पत्र्याची, ठोकून वर वळवलेली. खालून सनमायका, कुणाच्या तरी डायनिंग टेबलाचा उरलेला, आकाशी, त्यावर गुलाबाची फुलं. कॅनव्हासचे बूट सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी फळीला आवळायचे. हातातल्या काठ्या मी घरूनच घेतल्या होत्या, मच्छरदाणीच्या. बर्फात खोल रुतू नयेत म्हणून खऱ्या काठ्यांना खाली चकती असते म्हणे, म्हणून मी वनस्पती तुपाच्या डब्यांची झाकणं ठोकली. त्या महिन्यात आमच्या घरचे डास फार खूष होते.

खेळाचं ज्ञान मला ग्रुपमधल्या एकाने दिलं होतं. तो आदल्या वर्षी वर्ग करून आलेला. गुडघे वाकवायचे. भार पुढे टाकायचा, मागे रेललीस तर मेलीस. हात पुढे. "कसे सांगू, मुलगी बघायला आल्यावर चहाचा ट्रे धरतेस ना, तसे." वर चढताना आडवं व्हायचं आणि खेकड्यासारखं एकेक पाऊल वर सरकायचं. थांबायचं असेल तर फळ्यांची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा फाकवायच्या, म्हणजे नांगरासारखा आकार होतो आणि वेग कमी होतो. सगळं पाठ केलं. राहता राहिलं घसरणं, आणि घसरायचं म्हटल्यावर आमच्या घरात एकच उपाय. मी सनमायकाला खोबरेल तेल चोपडलं. भरपूर.

खेकड्यासारखी चढत ढिगाच्या माथ्यावर पोचले. खाली बांधावर माझा होणारा नवरा, आई, मुकादम आणि चार कामगार. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला खाडीपर्यंत पसरलेले चौकोन चौकोन पाणी. गुडघे वाकवले, ट्रे धरला, भार पुढे टाकला.

काही झालं नाही.

अजून पुढे टाकला. काठ्यांनी रेटलं. काही नाही. मी त्या ढिगावर उद्घाटन न झालेल्या पुतळ्यासारखी उभी. तेलाला मीठ चिकटून खाली असा थर बसला होता की फुलं दिसेनात.

"बाय, उतरवू का तुला?" मुकादमाने विचारलं.

"नको, जरा ढकला!"

त्याने वर चढून भलेपणाने ढकललं. फळ्या तिथेच राहिल्या, त्यांच्याबरोबर एक बूटही राहिला. बाकीची मी खाली गेले. पालथी, कोपरावर, थेट तळापर्यंत. कोपर सोललं आणि त्यात मीठ गेलं. मी जे उठले ती नाचतच उठले. सगळ्या मिठागरात मी एका पायात बूट घालून फुगडी घालत होते.

तोवर आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो. पण तो बांधावरून धावत आला आणि ओरडला, "अगं ए, लागलं का तुला? दाखव!"

आणि एकदम थांबला. मीही थांबले. बांधावर आई खोकली. कोपर मात्र आगीसारखं जळत होतं, म्हणून मी म्हटलं, "बघतोस काय, पाणी आण ना!"

त्या दिवशी स्कीइंग काही जमलं नाही, पण दिवस वाया गेला असं म्हणवत नाही.

जाताना तो बराच वेळ फळ्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "आपण कॅरमला तेल लावतो का?"

घाटकोपरच्या त्यांच्या चाळीत तो कॅरमचा बादशहा होता. पुढच्या रविवारी तो बोरिक पावडरचा डबा घेऊन आला. फळ्यांचं तेल आईने धुण्याच्या सोड्याने घासून काढलं. कामगारांनी फळीने ढीग थोपटून एका बाजूने गुळगुळीत करून दिला, का कुणास ठाऊक, त्यांनाही आता त्यात रस आला होता. मी वर गेले. त्याने गुलाबाच्या फुलांवर पावडर भुरभुरली, तळव्याने सारखी केली आणि स्ट्रायकर मारण्याआधी मारतात तशी फुंकर मारली.

मी घसरले! खरंच घसरले! एसटी केवढी असते, तेवढं अंतर. वारा लागला. खाली आपोआप थांबले, आणि हात वर करून अशी किंचाळले की पाण्यातले बगळे उडाले. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मी परत चढले, परत घसरले, कधी उभी, कधी आडवी, कधी फळ्या पुढे आणि मी मागे. संध्याकाळी जीभ ओठांवरून फिरवली तरी खारट लागत होती आणि मी विनाकारण हसत होते.

मग परीक्षेचा रविवार आला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बांधावर उभे होते. आणि त्यांच्या शेजारी, पांढरी कडक साडी, हातात पर्स, अशा माझ्या होणाऱ्या सासूबाई. मला घामच फुटला. त्या नर्स होत्या, त्याही हाडांच्या वॉर्डात. "आईला का आणलंस?" मी त्याच्या कानात म्हटलं. "तिने विचारलं, पावडरचे डबे कुठे जातात. मला खोटं बोलता येत नाही," तो म्हणाला.

सासूबाईंनी ढीग बघितला, फळ्या बघितल्या, मच्छरदाणीच्या काठ्या बघितल्या. "हे काय चाललंय?"

बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड पडला. त्यांनी सगळं सांगितलं, हॉलच्या तारखेसकट. आणि शेवटी म्हणाले, "आता तुम्हीच ठरवा. तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला. मी एका शब्दाने बोलणार नाही."

म्हणजे जायचं की नाही हे आता त्या कडक साडीच्या हातात गेलं होतं. मी वर चढले आणि आयुष्यात घसरले नव्हते इतकी सुरेख घसरले. गुडघे, भार, ट्रे, सगळं जागच्या जागी. खाली येऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

"घसरता येतं," त्या म्हणाल्या. "त्यात काय मोठंसं? बाथरूममध्येपण घसरतात माणसं. निम्मा वॉर्ड त्यांनीच भरलाय माझा. आता पडून दाखव."

"मुद्दाम?"

"तू पडतेस कशी ते बघायचंय मला. चल."

पडणं! या एका विषयात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी डावीकडे पडले.

"हात टेकवू नकोस! मनगट जातं त्याने. परत."

मी उजवीकडे पडले.

"कुशीवर, कुशीवर! हात छातीशी घे. हां. आता उठ. तशी नाही, फळ्या आधी आडव्या कर. परत पड."

मी पडतच राहिले. त्या पर्स काखेत धरून ढिगाच्या कडेकडेने माझ्याबरोबर चालत होत्या. कामगार कामं टाकून जमले होते आणि तेही ओरडत होते, "कुशीवर गो बाय, कुशीवर!" शेवटी सासूबाई खाली बसल्या, माझा बूट काढला, घोटा फिरवला, गुडघा दाबला, मनगटं वळवली. बाजारात वांगी बघतात तसं.

"जाऊ द्या हिला," त्या बाबांना म्हणाल्या. "मोडणाऱ्यातली नाही ही. रबर आहे."

"अहो पण लग्न—"

"लग्नाला दोन पाय लागतात. ते परत येतील. जबाबदारी माझी."

बाबांनी एकदा ढिगाकडे बघितलं. मग त्यांनी चपला काढल्या, पँट दुमडली. "बघू तरी, त्यात एवढं आहे काय," म्हणत ढीग चढले, फळ्या-बिळ्या न लावता तिथे पडलेल्या जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर बसले आणि सरळ खाली आले. येताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही. आई हसता हसता मटकन खाली बसली.

"अगं, मिठावर बसलीस," बाबा धापा टाकत म्हणाले.

"समुद्राचं पाणी आहे," आई म्हणाली. "वाळवलेलं."

मी गेले. पहिल्या सकाळी प्रशिक्षकाने रांगेतल्या सगळ्यांना विचारलं, "पहले कभी किया है किसी ने?" मी हात वर केला. "हां जी. नमक पे." त्याने काळजीने माझ्या कपाळाला हात लावून बघितला, उंचीवर काही जण असं बरळायला लागतात.

खरे बूट प्लॅस्टरसारखे जड. खऱ्या स्की मात्र, काय सांगू, त्यांना पावडर लागत नाही, ढकलावं लागत नाही. नुसतं मनात आणलं की निघाल्या. मी निघाले. मिठावर घसरणं म्हणजे एसटीएवढं. इथे ते संपायचं नाव घेईना. पांढरं, पांढरं, अजून पांढरं, कानात वारा, डोळ्यांत पाणी, तोंड उघडं. आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी थांबायला शिकलेच नव्हते. मिठावर थांबायचा प्रश्नच आला नव्हता, तिथे मीठच थांबवायचं. नांगर पाठ होता, पाय ऐकेनात. समोर एक झाड वेगाने मोठं होऊ लागलं. तेवढ्यात कुणीतरी कानात ओरडल्यासारखं झालं, कुशीवर! मी हात छातीशी घेऊन कुशीवर पडले. अख्खी. ठणठणीत. आणि बर्फात तोंड खुपसून हसत सुटले. वर्ग संपेपर्यंत नांगर जमला, वळणंही जमली, पण घाई असली की मी पडूनच थांबायचे.

बाकीची मुलं सकाळी तोंडाला कसलं तरी पांढरं मलम थापायची. मला गंमत वाटायची. दातावर दात वाजतायत, ऊन कसलं लागतंय? आम्हा मुंबईकरांना ऊन म्हणजे घाम. घाम नाही म्हणजे ऊन नाही. डोळ्यांवर गॉगल मात्र मी इमानाने लावत होते, कारण ऐटबाज दिसायचा.

परतले तेव्हा स्टेशनवर सगळे आले होते. बाबा, आई, सासूबाई, तो. कुणी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांवर. सासूबाईंनी प्लॅटफॉर्मवरच वाकून दोन्ही घोटे चाचपले. "चालून दाखव." मी चालले. "उडी मार." मारली. "बघा," त्या बाबांना विजयाने म्हणाल्या, "सांगितलं होतं ना?" मग त्यांनी मान वर केली, आणि त्यांचा आवाजच गेला.

बर्फावरून परतणारं ऊन दुप्पट भाजतं हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं होतं, नाकाची सालं निघत होती आणि डोळ्यांभोवती गॉगलने राखलेले दोन गोल, घरून नेलेल्या मूळ रंगाचे. घुबडाने लग्न करायचं ठरवलं असतं तर असंच दिसलं असतं.

"अगं, हे काय करून आलीस?" आई म्हणाली.

"पाय शाबूत आहेत," मी म्हटलं.

बेसन झालं, साय झाली, काकडी झाली. आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईने आपापला उपाय माझ्या तोंडावर करून बघितला. हळदीच्या दिवशी हळद लावली ती काळ्यावर दिसलीच नाही, गोल तेवढे पिवळे झाले. आणि लग्नात नेसायची साडी पांढरीशुभ्र. सासूबाई येणाऱ्या प्रत्येकाला माझे घोटे दाखवून सांगत होत्या, "एक ओरखडा नाही." तोंडाबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "तो माझा वॉर्ड नाही."

विधी झाले, हार घातले. फोटोग्राफरने आम्हा दोघांना उभं केलं, कॅमेऱ्यातून बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, दिवा हलवला, परत बघितलं. मग नम्रपणे म्हणाला, "ताई, फोटोपुरता तरी चष्मा काढा ना."

माझ्या पोटात हसू उसळलं, पण ओठ इतके फाटले होते की हसताही येईना. उत्तर आमच्या ह्यांनी दिलं, एकदम गंभीर चेहऱ्याने.

"राहू द्या हो. नंबरचा आहे तिचा."